पालकांची पत्रं : पुण्याहून आलेल्या मुलाचं गणित कुठून सुरू करायचं?

प्रश्न

सप्रेम नमस्कार ताई,

आम्ही जूनमध्ये पुण्याहून एडिसनला आलो. मुलाची नववी पुण्यात झाली. महाराष्ट्र बोर्ड, इंग्रजी माध्यम, गणितात 92 गुण. इथे त्याला दहावीत घेतलं, पण शाळा सुरू व्हायच्या आधी एक चाचणी घेतली आणि तिच्यावरून त्याला 'अल्जेब्रा वन' दिलं. वर्गात बहुतेक मुलं नववीची आहेत. एक दिवस तो म्हणतो, "आई, हे तर मी सातवीत केलंय." दुसऱ्या दिवशी म्हणतो, "आज काहीच कळलं नाही." ह्यांचं म्हणणं असं की शाळेत जाऊन भांडायचं आणि थेट 'अल्जेब्रा टू ऑनर्स' मागायचं, नाहीतर बारावीपर्यंत कॅल्क्युलस होणार नाही आणि इंजिनिअरिंग हातचं जाईल. काउन्सेलर म्हणाल्या, "ग्रॅज्युएशनसाठी गणिताची 15 क्रेडिट लागतात, ती होतील, काळजी करू नका." ही क्रेडिट म्हणजे काय? पुण्याची नववी त्यात धरतात का? आणि आम्ही शाळेकडे नक्की काय मागावं?

एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर

ताई, अंक हातात पडेपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला थोडक्यात मी आधीच कळवलंय. पण असं एखादं पत्र दर सप्टेंबरात येतंच, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी सांगलीत आठ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि त्यानंतर वीस वर्षं इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकवते आहे. दोन्ही वर्ग माझे आहेत, त्यामुळे तुमच्या मुलाची अडचण मला पत्राच्या मधल्या दोन ओळींतच दिसली. "सातवीत केलंय" आणि "काहीच कळलं नाही" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. तो आळस करत नाही, आणि शाळेनं मुद्दाम त्याला खाली ढकललं असंही नाही.

आधी क्रेडिटचा हिशोब, कारण तो सोपा आहे. रोज एक तास याप्रमाणे वर्षभर चालणाऱ्या विषयाला 5 क्रेडिट. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला किमान 120 क्रेडिट लागतात, त्यांतली 15 गणिताची, म्हणजे तीन वर्षांचं गणित. ते कोणतंही तीन वर्षांचं चालत नाही. अल्जेब्रा वन किंवा त्याच्या तोडीचं काही, जॉमेट्री (भूमिती) किंवा तिच्या तोडीचं काही, आणि तिसरं वर्ष या दोन्हींवर पुढे बांधलेलं. 'तोडीचं काही' हे शब्द तुमच्या कामाचे आहेत, त्यांच्याकडे मी परत येते.

याशिवाय अकरावीच्या वसंतात राज्याची एक परीक्षा असते, न्यू जर्सी ग्रॅज्युएशन प्रोफिशियन्सी असेसमेंट. तिच्यात इंग्रजी आणि गणित असतं, आणि गणितात अल्जेब्रा वन आणि जॉमेट्री एवढाच भाग. तिथे 725 ही रेषा गाठावी लागते. नाही गाठली तर पुन्हा बसता येतं, एसएटीसारख्या दुसऱ्या परीक्षेचे गुण दाखवता येतात, किंवा मुलाचं काम गोळा करून राज्याकडे अपील करता येतं. म्हणजे त्या परीक्षेपायी मूल अडकून पडेल अशी भीती नको.

आता काउन्सेलरबाईंचं म्हणणं बघा. दहावीत अल्जेब्रा वन, अकरावीत जॉमेट्री, बारावीत अल्जेब्रा टू. झाली 15 क्रेडिट. त्या चूक बोलल्या नाहीत. पण त्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, शाळेतून बाहेर पडायला काय लागतं त्याचं. कॉलेजात शिरायला काय लागतं हा निराळा प्रश्न आहे. न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचं, रटगर्सचंच बघा. बहुतेक शाखांना अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू एवढं पुरतं, पण इंजिनिअरिंगला प्रीकॅल्क्युलसपर्यंतचं, म्हणजे अल्जेब्रा टूच्या पुढच्या कोर्सपर्यंतचं गणित लागतं. वरच्या क्रमानं गेला तर तो प्रीकॅल्क्युलसला पोचतच नाही. शिवाय अकरावीच्या वसंतात, ती परीक्षा येईल तेव्हा, त्याची जॉमेट्री अर्धीच झालेली असेल. तेव्हा अल्जेब्रा वनमध्ये वर्षभर बसून राहणं तुमच्या मुलासाठी योग्य नाही, इथे मी तुमच्या घरच्यांच्या बाजूनं आहे.

पण थेट अल्जेब्रा टू ऑनर्सही, म्हणजे त्याच कोर्सचा अवघड वर्गही, नको. का ते नीट सांगते, कारण हे कुणी समजावून सांगत नाही आणि आई-वडिलांना वाटतं की आपल्या मुलाच्या 92 गुणांचा अपमान झाला.

आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दर वर्षी हातात हात घालून चालतात. गणित भाग 1, भाग 2, दोन्ही थोडं थोडं पुढे सरकतात. इथे एक अख्खं वर्ष बीजगणित, एक अख्खं वर्ष भूमिती, मग परत वर्षभर बीजगणित. त्यामुळे पुण्याचा नववी झालेला मुलगा इथल्या कुठल्याच एका कोर्समध्ये पूर्ण मावत नाही. बालभारतीचं नववीचं पुस्तक उघडा. बहुपदीच्या प्रकरणात त्यानं संश्लेषक पद्धतीनं भागाकार केलाय, शेष सिद्धांत आणि अवयव सिद्धांत केलाय. हे इथे अल्जेब्रा टूमध्ये येतं. भूमितीच्या पुस्तकात शेवटाकडे त्रिकोणमिती केलीय, ती इथे जॉमेट्रीच्या शेवटी येते. पण वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीत, ती त्याची राहिली. रेषेचा चढही दहावीत, तोही राहिला. आणि फल, म्हणजे इथलं 'फंक्शन', आपल्याकडे थेट अकरावीत भेटतं. इथल्या अल्जेब्रा वनचा तर तोच कणा आहे. पहिल्या महिन्यापासून एफ ऑफ एक्स, आलेख बघून सांग काय वाढतंय, किती वेगानं वाढतंय, एक्सच्या कोणत्या किमती चालतील. तुमच्या मुलानं बहुपदीत एक्सच्या जागी 2 घालून किंमत काढलेली आहे, पण 'हे एक यंत्र आहे, यात काय घातलं की काय बाहेर पडतं ते बघ' असं त्याला कुणी विचारलेलंच नाही. समीकरण सोडवायचं असलं की तो "सातवीत केलंय" म्हणतो. आलेख वाचायचा असला की गप्प होतो.

त्यात शब्दांचाही घोळ. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा इथे शब्दांपाशी अडखळतात. तिथे 'सर्ड' म्हणतात, इथे 'रॅडिकल'. तिथला 'ट्रॅपेझियम' इथे 'ट्रॅपेझॉइड'. 'इंडायसेस'ला 'एक्स्पोनंट', 'एचसीएफ'ला 'जीसीएफ'. एकरूप काटकोन त्रिकोणांची आपली कर्णभुजा कसोटी तिथे 'हायपोटेन्यूज-साइड', इथे 'हायपोटेन्यूज-लेग'. तास-दीड तासाच्या चाचणीत असे पाच-सहा शब्द आले की मुलाचे गुण जातात आणि कागदावर दिसतं की गणित येत नाही. शिवाय पुण्यात कॅल्क्युलेटरला हात लावायचा नव्हता आणि इथे पहिल्या दिवशी टीआय-84 हातात देऊन आलेख काढायला सांगतात. त्या चाचणीवर मी फार भरवसा ठेवणार नाही. पण ती रद्दही समजणार नाही, कारण फल आणि चढ हे तिनं बरोबर पकडलं असणार.

तेव्हा मागायचं काय? माझं स्पष्ट मत: यंदा जॉमेट्री.

जॉमेट्री हे त्याचं घर आहे. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक ओळीच्या उजवीकडे कंसात कारण, हे त्यानं दोन वर्षं केलंय. इथली दोन रकान्यांची सिद्धता म्हणजे तेच. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. इथल्या मुलांना सिद्धता लिहायला शिकवताना माझे दोन-अडीच महिने जातात, आणि महाराष्ट्रातून आलेलं मूल ते पहिल्या आठवड्यात फळ्यावर करून दाखवतं. नव्या देशात, नव्या शाळेत, जिथे डबा खायला कुणाशेजारी बसायचं हाही प्रश्न असतो, तिथे एका तासाला तरी त्याचं डोकं वर राहावं, ही मला गणिताइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते. त्याला नवीन जाईल ते सरकवणं, फिरवणं, आरशातलं प्रतिबिंब, लहान-मोठं करणं. इथे एकरूपता आणि समरूपता या क्रियांवरून शिकवतात. ते तो शिकेल.

शाळेत जाताना भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. नववीची गुणपत्रिका आणि दाखला तर लागेलच. शिवाय बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववीच्या गणिताच्या दोन्ही भागांची इंग्रजी पुस्तकं फुकट उतरवून घ्या, अनुक्रमणिका छापा, आणि प्रत्येक प्रकरणापुढे पेन्सिलीनं लिहा की हे इथल्या कोणत्या कोर्समध्ये येतं. काउन्सेलरना आपला अभ्यासक्रम ठाऊक असण्याचं कारण नाही, तो त्यांना दिसला पाहिजे. मग गणित विभागाच्या प्रमुखांची भेट मागा. परदेशी शाळेचं शिक्षण किती धरायचं हे इथे त्या त्या गावाचं शालेय डिस्ट्रिक्ट ठरवतं, त्यामुळे शेजारच्या गावात भाचीला मिळालं म्हणून तुम्हालाही मिळेलच असं नाही. दोन गोष्टी मागा. पुण्याच्या नववीची गणिताची 5 क्रेडिट, आणि 'अल्जेब्रा वनची अट पूर्ण' अशी नोंद ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर. यांतली दुसरी जास्त मोलाची. क्रेडिट नाही मिळाली तरी जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस यांची 15 होतातच. पण 'अल्जेब्रा वन किंवा तोडीचं' ही अट कागदावर पूर्ण झालेली नसेल, तर बारावीच्या एप्रिलमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं आणि धावपळ होते. माझ्यासमोर हे दोनदा झालंय. तेव्हा नुसत्या तोंडी 'हो'वर परत येऊ नका, लेखी घ्या. ते अल्जेब्रा वनची वार्षिक परीक्षा त्याला द्यायला लावतील तर आनंदानं 'हो' म्हणा आणि तयारीला तीन-चार आठवडे मागून घ्या. कोर्स बदलायची मुदत सुरुवातीचे काही आठवडेच असते, म्हणून अर्ज मात्र लगेच करा.

घरी त्याच्याकडून चार गोष्टी करून घ्या: रेषेचा चढ, फल आणि त्याचा आलेख, वर्गसमीकरण आणि त्याचा अन्वस्त (इथला 'पॅराबोला'), आणि चक्रवाढीसारखी घातांकी वाढ. डेस्मॉस हे आलेखाचं साधन फुकट आहे. वाय = एमएक्स + बी लिहायला सांगा आणि एम बदलत नेला की रेषा कशी झुकते ते त्याला स्वतःला बघू दे. दिवाळीपर्यंत रोज अर्धा तास पुरे.

पुढची वाट मग अशी: अकरावीत अल्जेब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस. इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. कॅल्क्युलस राहिला तर? इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात कॅल्क्युलस वन असतोच, तो शिकवायलाच ती जागा आहे. हे खरं की एमआयटीसारख्या ठिकाणी अर्ज करणारी बहुतेक मुलं हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस करून येतात. मुलाच्या स्वतःच्या मनात तसं काही असेल तर यंदा जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू दोन्ही एकदम घेण्याचा मार्ग आहे. बऱ्याच शाळा परवानगी देतात, एक आवडीचा विषय सोडावा लागतो, मग अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा, कॅल्क्युलस. पण ते त्यानं मागावं. आपण नव्हे.

ऑनर्सबद्दल एक. पुण्यात बहुतेक सगळं लेखी परीक्षांवर होतं. इथे पहिल्या आठवड्याचा गृहपाठसुद्धा ग्रेडमध्ये मोजला जातो, आणि दहावीचा हा ग्रेड कॉलेजच्या अर्जात जातो. पाय टेकायला एक सत्र तरी द्या. ऑनर्सचा विचार जानेवारी-फेब्रुवारीत करा, तेव्हा पुढच्या वर्षाचे कोर्स निवडायचे असतात आणि शिक्षकांची शिफारस लागते.

'उन्हाळ्यात एक कोर्स उरकून टाकू' असंही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. न्यू जर्सीत 'ऑप्शन टू' नावाची सोय आहे, तिच्यात शाळेबाहेर केलेला कोर्स डिस्ट्रिक्टच्या परवानगीनं धरतात. मी माझ्या मुलीला आठवीनंतरच्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांत जॉमेट्री करायला लावली. घरातच गणिताची शिक्षिका असल्यावर काय अडचण, असं मला वाटलं. ए मिळाला. नववीत अल्जेब्रा टू, तिथेही ए. दहावीत प्रीकॅल्क्युलसमध्ये एकक वर्तुळ आलं आणि ती थांबली. 30-60-90 चा त्रिकोण तिनं पाठ केला होता, पण समरूप त्रिकोणांत बाजूंचं गुणोत्तर का बदलत नाही हे तिच्या मनात कधी मुरलंच नव्हतं. सहा आठवड्यांत ते मुरत नाही. एका रात्री ती मला म्हणाली, "आई, मला कळत नाहीये, मी नुसतं करतेय." ती वही माझ्याकडे अजून आहे. आम्ही दोघी त्या हिवाळ्यात रविवारी सकाळी जॉमेट्री पहिल्यापासून शिकलो. ती सावरली, पण तिची दोन वर्षं स्वतःवर शंका घेण्यात गेली आणि ती घाई माझी होती. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. त्यांची काळजी मला समजते, माझी तीच होती.

मुलाशी बोलताना अल्जेब्रा वनचा उल्लेख शिक्षेसारखा करू नका. आणि शाळेनं शेवटी ऐकलंच नाही, तर? मग यंदा अल्जेब्रा वन आणि जॉमेट्री दोन्ही एकदम मागा. बहुतेक ठिकाणी याला नाही म्हणत नाहीत. अकरावी, बारावीची वाट मी वर लिहिली तीच राहते.

प्रश्न

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला असतो. मुलगी आठवीत आहे. हायस्कूलला जाताना 'एन्डॉर्समेंट' निवडायचं आहे. तिला गणित नको वाटतं. अल्जेब्रा टू न घेताही हायस्कूल पूर्ण होतं असं ऐकलं. तसं करावं का?

एक बाबा

उत्तर

बाबा, ऐकलंत ते खरं आहे. 2013 साली तिथे कायदा बदलला, तेव्हापासून पायाभूत कार्यक्रमाला 22 क्रेडिट लागतात आणि त्यांत गणिताची 3: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, आणि एक वरच्या पातळीचा कोर्स. तो अल्जेब्रा टूच असावा असं नाही. (टेक्सासचं 1 क्रेडिट म्हणजे वर्षाचा एक कोर्स, न्यू जर्सीचे आकडे त्याला लावू नका.) अल्जेब्रा वनची राज्याची परीक्षा मात्र पास व्हावीच लागते. एन्डॉर्समेंट, म्हणजे एखाद्या क्षेत्रातला विशेष अभ्यास, घेतलं की क्रेडिट 26 होतात आणि गणित 4 वर्षांचं. त्यांतलं स्टेमचं (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) घेतलं तर अल्जेब्रा टू सुटत नाही.

पण त्यावर आणखी एक पायरी आहे, 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल'. तिच्यात अल्जेब्रा टू सक्तीचं आहे. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या वरच्या 10 टक्के मुलांना जो थेट प्रवेश मिळतो, त्यासाठी ही पायरी लागते. ऑस्टिनच्या विद्यापीठाची टक्केवारी तर त्याहूनही कडक आहे. म्हणजे आठवीतली मुलगी आज 'नको' म्हणाली म्हणून तुम्ही तिचं एक दार चार वर्षं आधीच लावून घेणार. मी तरी लावणार नाही. एन्डॉर्समेंट तिच्या आवडीचं घ्या, कलेचं किंवा समाजसेवेचं, आणि गणितात अल्जेब्रा टू ठेवा. ते अकरावीत येऊ दे, घाई नको. चौथ्या वर्षाला कॅल्क्युलसच हवा असं कुणी म्हटलेलं नाही. अल्जेब्रा टूनंतर एपी स्टॅटिस्टिक्स घेता येतं. त्यात कॅल्क्युलस लागत नाही, आणि मानसशास्त्र, नर्सिंग, पत्रकारिता यांपैकी कुठेही गेली तरी ते उपयोगी पडतं.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही: तिला गणितातलं नक्की काय नको वाटतं? आठवीच्या मुलीनं 'गणित नको' म्हटलं की दहापैकी सात वेळा मला खाली अपूर्णांक सापडतात, नाहीतर ऋण संख्या. एका संध्याकाळी तिच्याजवळ बसा, तिला पाच उदाहरणं मोठ्यानं बोलत सोडवू द्या, मध्ये बोलू नका, आणि ती कुठे अडली ते लिहून मला पाठवा. अपूर्णांकच निघाले तर त्यांच्यासाठी माझ्याकडे तीन आठवड्यांच्या सरावाचे कागद आहेत, ते मी संपादकांकडे देऊन ठेवते.